पिछाडीवरचा खांब: टेकवायचा कुठे, धरायचा कशाने

शिडाच्या नौकेची डोलकाठी कुठे उभी राहील, तिच्या बुडाखाली काय असेल, तिला ताणून धरणाऱ्या तारा किती जाडीच्या असतील, हे सगळे नौका कागदावर असतानाच ठरते. पिछाडीवरच्या खांबाचे तसे नसते. तो बहुतेक वेळा मागाहून येतो. नौका विकत घेतली जाते, मालक लांबच्या सफरीचे बेत आखू लागतो. मग बॅटऱ्या भरायला पवनचक्की हवीशी वाटते, रात्री आणि धुक्यात जहाजे कळावीत म्हणून रडार हवेसे वाटते. ही दोन्ही यंत्रे माणसांच्या डोक्यापेक्षा उंच आणि शिडे, शिडाखालचा आडवा दांडा (बूम), तारा यांच्या वाटेबाहेर ठेवायची तर अगदी मागची एकच जागा उरते. आणि तिथले डेक असा खांब पेलण्यासाठी बांधलेले नसते.

म्हणूनच हा साधा दिसणारा प्रश्न इतकी वर्षे वादाचा राहिला. यंत्रांचे उत्पादक आपापल्या माहितीपत्रकात खांबाचा व्यास सांगतात, पण तो नौकेला कसा जोडायचा हे बरेचसे मालकावर सोडतात. कारागीर आपल्या हाताला बसलेली पद्धत सांगतात, आणि महासागर ओलांडून आलेले लोक आपला खांब टिकला तीच पद्धत खरी मानतात. या मतांची मांडणी इथे करायची आहे. वाद खांब किती जाड आणि बोल्ट किती मोठा यावर रंगतो, पण खांब टिकणार की नाही हे बहुतांशी दोन आधारांमधल्या अंतरावर ठरते, अशी माझी समजूत झाली आहे. ती पटली तरी काही प्रश्न उरतातच. आवाजाचा त्यातला सर्वांत चिवट.

मागे वळून पाहताना

पिछाडीवर काठी उभी करण्याची कल्पना जुनीच. यॉल जातीच्या नौकेत मागची छोटी डोलकाठी सुकाणूच्या दांड्याच्याही मागे असते. तिच्या शिडाची दोरी बांधायला जागा उरत नाही, म्हणून पिछाडीच्या बाहेर आडवे लाकूड काढतात. त्याला बमकिन म्हणतात. इथे लाकूडकाम करणाऱ्यांना डोलकाठीचेच नियम लावता येत होते: बुंधा डेकमधून खाली न्यायचा, बाजूंना तारा द्यायच्या.

आजच्या खांबाच्या जवळचा पूर्वज म्हणजे वाऱ्यावर चालणारे स्वयंचलित सुकाणू. 1960 साली अटलांटिक एकट्याने ओलांडण्याची पहिली शर्यत झाली. तिच्यात पहिला आलेला फ्रान्सिस चिचेस्टर आणि दुसरा आलेला ब्लाँडी हॅस्लर या दोघांच्याही पिछाडीवर वारा ओळखून सुकाणू फिरवणारी यंत्रणा होती. चिचेस्टरच्या ‘जिप्सी मॉथ 3’ वरची यंत्रणा म्हणजे फिरती काठी आणि तिच्यावर छोटे शीडच. तिचे नाव त्याने ‘मिरांडा’ ठेवले होते. हॅस्लरने पुढे या कल्पनेला नीट यांत्रिक रूप दिले आणि त्या दशकाच्या अखेरीला एरीज, हायड्रोव्हेन, विंडपायलट अशी विकत मिळणारी यंत्रे आली.

मुंबईत बांधलेली एक नौका याच गोष्टीत येते. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनची ‘सुहेली’ कुलाब्यात सागवानात बांधली गेली आणि 1964 साली पाण्यात उतरली. 1968-69 मध्ये तिने न थांबता एकट्या माणसाची पहिली पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. तिच्या मागच्या डोलकाठीचे बूम आडवे येत असल्याने स्वयंचलित सुकाणूची पाती मधोमध बसवता येईनात. ती दोन्ही बाजूंना नळ्यांच्या सांगाड्यावर, नौकेच्या बाहेर काढून बसवावी लागली. ही यंत्रणा अर्ध्या वाटेतच, ऑस्ट्रेलियाच्या आसपास, निकामी झाली आणि उरलेला प्रवास तिच्याविना झाला. मागे बसवलेले यंत्र नौकेच्या इतर अवयवांपेक्षा आधी मोडते, ही तक्रार तेव्हापासूनची. एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत, 2022 साली, आघाडीवर असलेल्या सायमन कर्वेनला केप हॉर्न गाठण्याआधी स्वयंचलित सुकाणूचा मुख्य दांडा तुटल्यामुळे चिलीच्या किनाऱ्याला जावे लागले. या थांब्यामुळे शर्यतीच्या मुख्य गटातून तो बाहेर पडला. त्या शर्यतीत कर्स्टन नॉयशेफर पहिली आणि आपला अभिलाष टॉमी दुसरा आला.

पवनचक्की आणि रडार यांचा खांब याच पिछाडीवर, गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत आला. रडार छोट्या घुमटात मावण्याइतके लहान झाले, बॅटरीवर चालू लागले. इंग्लंडची रटलँड, अमेरिकेची एअर मालिका, जर्मनीची सुपरविंड अशा चक्क्या बाजारात आल्या. एअर ब्रीझचे वजन जेमतेम सहा किलो आणि पात्यांच्या चक्राचा व्यास 1.17 मीटर, डी-400 सारखी चक्की सतरा किलोची. म्हणजे खांबाच्या टोकावर काय आहे यात तिपटीचा फरक पडतो, आणि ‘दोन इंची पाइप पुरतो’ किंवा ‘पुरत नाही’ अशी विधाने बहुधा हा फरक न सांगताच केली जातात.

बळांचा हिशेब

वादातली मते तोलण्याआधी खांबावर काय ओढवते ते पाहू. 60 नॉट वाऱ्यात, म्हणजे सेकंदाला साधारण 31 मीटर वेगात, हवेचा दाब दर चौरस मीटरला 580 न्यूटनच्या आसपास जातो. 1.17 मीटर व्यासाचे चक्र मोकळे फिरत असेल तर ते जवळजवळ भरीव तबकडीसारखाच वारा अडवते. खांबाच्या टोकाला सुमारे 500 न्यूटन, म्हणजे पन्नास किलो वजनाइतका आडवा रेटा बसतो. 40 नॉटमध्ये हाच रेटा वीस-बावीस किलोंवर येतो. पन्नास किलो ऐकायला फार नाहीत. पण ते अडीच मीटर लांब तरफेच्या टोकावर आहेत.

समजा, खांब फक्त डेकवरच्या पायपट्टीवर उभा आहे आणि पट्टीचे बोल्ट एकमेकांपासून दहा सेंटिमीटरवर आहेत. मग एका बाजूच्या बोल्टांवर डेकमधून उपटून काढणारा ताण सव्वा टनावर जातो. तोच खांब एकमेकांपासून मीटरभर अंतरावरच्या दोन आधारांत धरला, तर वरच्या आधारावर सव्वाशे किलो आणि खालच्यावर पाऊणशे किलो आडवा रेटा येतो. वारा तोच, खांब तोच, बळ दहापटीने खाली. मांडवाचा खांब खड्ड्याच्या खोलीवर उभा राहत नाही, लांबवर ठोकलेल्या खुंट्यांच्या ताणावर राहतो, त्यातलेच हे.

खांबाच्या स्वतःच्या ताकदीचेही असेच. एअर मालिकेच्या चक्क्या ज्या पाइपवर बसतात त्याचा बाहेरचा व्यास 48 मिलिमीटर आणि जाडी साडेतीन मिलिमीटरहून किंचित जास्त. तो 316 जातीच्या स्टेनलेस स्टीलचा असला आणि अडीच मीटर उंचीपर्यंत मोकळा ठेवला, तर वरच्या हिशेबाने बुंध्यापाशी येणारा ताण त्या धातूच्या कायमचे वाकण्याच्या मर्यादेपलीकडे जातो. दीड मीटर उंचीवर तिरके टेकू दिले की ताण निम्म्याखाली उतरतो. टेकू न देता 60 मिलिमीटरचा पाइप घेतला तरी निभावते: वजन सव्वापटीने वाढते, ताठपणा दुप्पट होतो. जाड पाइपवाल्यांचे म्हणणे त्यामुळे चूक नाही. त्याने पाइप वाचतो. डेक वाचते की नाही हा वेगळा प्रश्न.

खांब उंच करण्याचा मोह होतो, कारण वर वारा जास्त. पाण्यापासून साडेतीन मीटरवरची चक्की साडेचार मीटरवर नेली तर मोकळ्या समुद्रात वाऱ्याचा वेग जेमतेम तीन टक्के वाढतो, वीज आठ-नऊ टक्के. त्यासाठी खांब अडीचचा साडेतीन मीटर केला तर बुंध्यावरचा जोर चाळीस टक्के वाढतो आणि टोकाचा वाक पावणेतीनपट. विजेसाठी उंची विकत घेणे महाग पडते, याबद्दल आता फारसा मतभेद उरलेला नाही. उंचीचे खरे कारण माणसाचे डोके आणि वर केलेला हात. पात्याचे खालचे टोक त्यांच्या वर हवे, ही अट कुणीच सोडत नाही.

रडारचा हिशेब निराळा. रडारची नजर सागरी मैलांत मोजायची तर त्याच्या उंचीच्या, मीटरमधल्या, वर्गमुळाला 2.2 ने गुणायचे, समोरच्या जहाजाच्या उंचीचेही तसेच करायचे आणि दोन्ही मिळवायचे. चार मीटरवरचे रडार सोळा मीटर उंच जहाज सव्वातेरा मैलांवर पकडू शकते. तेच बारा मीटरवर डोलकाठीला लावले तर जवळजवळ साडेसोळा मैलांवर. तीन मैलांसाठी डोलकाठीवर वजन चढवायचे का, असे खांबवाले विचारतात. लहान रडारचा झोत उभ्या दिशेत साधारण 25 अंशांचा असतो, त्यामुळे नौका वीस अंश कलली की एका बाजूला तो आकाश पाहतो आणि दुसऱ्या बाजूला जवळचे पाणी. खांबावर रडारला पातळी सांभाळणारा झुलता पाळणा देणे सोपे, डोलकाठीवर तो शिडांत अडकतो. डोलकाठीवाल्यांचे उत्तर असे की खांबावरच्या रडारसमोर खुद्द डोलकाठी आणि शिडे उभी राहतात, शिवाय झोत माणसांच्या बराच जवळून जातो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे.

चार घराणी

जोडणीच्या पद्धती अनेक दिसल्या तरी मुळात चारच.

पहिली आणि सर्वांत जास्त दिसणारी: खांबाचा पाय डेकवर आणि मध्यावर दोन तिरके टेकू, एक आडव्या दिशेला, एक पुढे. या घराण्याचे समर्थन करणारे सांगतात की इथे डेकला फक्त खांबाचे वजन आणि थोडा रेटा सोसावा लागतो, उलथवणारा जोर टेकू घेतात. दोन टेकूंमधला कोन शक्यतो काटकोनाजवळ हवा. तो साठ अंशांखाली गेला की एका दिशेने खांब डुलू लागतो. जागेची अडचण असल्याने दोन्ही टेकू जवळजवळ एकाच रेषेत लावलेले खांब बंदरात पाहायला मिळतात. ते त्या रेषेत घट्ट आणि काटकोनात सैल असतात. टेकूंची खालची टोके डेकवर न आणता मागच्या पोलादी कठड्याला क्लॅम्प करण्याची रीत इथलीच, आणि वादही इथलाच. कठडावाले म्हणतात, डेकला चार भोके कमी, काम एका दिवसाचे. विरोधकांचे म्हणणे असे की कठड्याच्या इंचभर व्यासाच्या पातळ नळ्या तोल गेलेल्या माणसाला एकदा अडवण्यासाठी असतात, वर्षानुवर्षे थरथर सोसण्यासाठी नव्हेत. नळीला तडा गेला तर तो कठड्याच्या पायाशी, वेल्डच्या कडेला जातो आणि माणूस टेकेपर्यंत कळत नाही. मला दुसरी बाजू वजनदार वाटते. मात्र टेकू कठड्याच्या उभ्या नळीजवळ, जोडाला लागून धरला असेल आणि खांबाचा पाय स्वतंत्रपणे भक्कम असेल, तर अशा जोडण्या वर्षानुवर्षे टिकलेल्याही आहेत.

दुसऱ्या घराण्यात खांब डेकवर उभाच नसतो. तो ट्रान्समला, म्हणजे नौकेच्या मागच्या उभ्या भिंतीला, बाहेरून टेकतो: खाली पाण्याच्या जरा वर एक पाय, वर डेकच्या कडेला दुसरा पट्टा. वरच्या हिशेबातले मीटरभर अंतर इथे आयते मिळते. ट्रान्समचे फायबरग्लास बहुधा डेकपेक्षा जाड असते, भोके उभ्या पृष्ठभागावर असल्याने त्यांच्यावर पाणी साचत नाही. आक्षेप तीन. नौका नांगरावर असताना मागून येणारी छोटी होडी खांबाला आपटते. पायाचे बोल्ट पाण्याजवळ असल्याने तिथली गळती डेकवरच्या गळतीपेक्षा गंभीर. आणि ट्रान्सम उलट्या उताराचा किंवा पायऱ्यांचा असेल, जसा गेल्या तीन दशकांतल्या बहुतेक नौकांचा असतो, तर खांब उभा ठेवायला लांब ब्रॅकेट लागतात आणि मिळालेला फायदा बराचसा त्यांच्यातच जातो. मागे निमुळत्या होत गेलेल्या जुन्या वळणाच्या नौकांना तर ट्रान्समच नसतो.

तिसरे घराणे खांब डेकमधून आरपार खाली नेते, आतल्या एखाद्या आडव्या भिंतीला किंवा तळाशी बसवलेल्या पायाला टेकवते. आधारांमधले अंतर भरपूर, बाहेर टेकूंचा पसारा नाही, दिसायला सर्वांत देखणे. पण डेकला मोठे भोक, आतली सामानाची जागा गेली, आणि त्या भोकातून थेंबभर पाणी झिरपतेच. लाकडी किंवा पोलादी नौकांचे मालक या पद्धतीकडे जास्त वळतात. पोलादी नौकेत खांब सरळ वेल्डच करता येतो आणि निम्मे प्रश्न संपतात.

चौथे घराणे खांबच नको म्हणते: दोन्ही बाजूंना दोन-दोन पाय आणि वर आडवी चौकट, म्हणजे कमान. सौर पॅनेल, रडार, चक्की, अँटेना, छोटी होडी उचलायची कप्पी, सगळे तिच्यावर. पाय दूरदूर असल्याने प्रत्येक पायावरचे बळ किरकोळ होते. सौर पॅनेल स्वस्त झाल्यापासून लांब पल्ल्याच्या नौकांवर कमानींची संख्या डोळ्यांत भरावी इतकी वाढली. विरोध वजनाचा आणि वाऱ्याचा. नौकेच्या एका टोकाला, उंचावर, पॅनेलांसकट बरेच किलो वजन ठेवले की ती लाटांवर जास्त डोलते, वाऱ्याविरुद्ध जायला कुरकुरते. वादळात मोठ्या पॅनेलखाली शिरलेला वारा चौकट वर उचलू पाहतो. नऊ-दहा मीटरच्या नौकेवर कमान आणि चौदा मीटरच्या नौकेवर कमान यांची तुलना करून चालत नाही, हे दोन्ही बाजूंचे जाणकार मान्य करतात. लहान नौकेत खांबाचे पारडे अजूनही जड आहे.

डेकच्या पोटात

घराणे कुठलेही असो, बोल्ट शेवटी कशातून तरी आरपार जातो. इथे एकमत बरेच आहे. लाकडात पिळायचे स्क्रू नकोत, आरपार बोल्ट हवेत. आतून बॅकिंग प्लेट हवी, वॉशर पुरत नाहीत. प्लेट पायपट्टीपेक्षा मोठी, कडा गोलावलेल्या, आणि आतला पृष्ठभाग खडबडीत असेल तर इपॉक्सीच्या लगद्यात बसवलेली, म्हणजे भार एका कडेवर न येता पसरतो.

फायबरग्लासच्या बहुतेक डेकमध्ये दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकूड, प्लायवूड किंवा फोम असतो. बोल्ट घट्ट पिळला की हा मधला थर चेपतो. चेपला की बोल्ट सैल होतो, सैल झाला की पाणी शिरते, आणि बाल्सा ओला झाला की वितभर अंतरापर्यंत कुजत जातो. खांब पडण्याच्या गोष्टींत वारा खलनायक असतो खरा, पण त्याच्या आधी पाच-सहा वर्षे पाण्याने काम केलेले असते. उपाय ठरलेला आहे: भोक मोठे पाडायचे, भोवतालचा मधला थर खरवडून काढायचा, दाट इपॉक्सी भरायची, ती कडक झाल्यावर तिच्यातून बोल्टाचे भोक पुन्हा पाडायचे. काम कंटाळवाणे, पण सोडता न येणारे.

मतभेद आहे तो मधल्या चिकट थरावर. एक पक्ष पॉलियुरेथेनचा: ते इतके घट्ट धरते की जोड हलतच नाही. दुसरा ब्यूटिल टेपचा: ती कधीच कडक होत नाही, खांब थरथरला तरी ती ताणते-आखडते आणि पाणी अडवते, शिवाय पुढे काढता येते. पॉलियुरेथेनने चिकटवलेली पायपट्टी काढताना डेकचा वरचा थर सोबत येतो, ही तक्रार खरी आहे. पाण्याजवळच्या ट्रान्समच्या पायाला ब्यूटिल वापरावी का, यावर मात्र ब्यूटिलचे पुरस्कर्तेही बिचकतात.

धातूबद्दल थोडक्यात. स्टेनलेस जास्त ताठ आणि जड. ॲल्युमिनियम वजनाला एक तृतीयांश, ताठपणातही साधारण एक तृतीयांश, म्हणून त्याचा पाइप जाडा घ्यावा लागतो. स्टेनलेसला हवा न लागणाऱ्या ओल्या फटीत गंज धरतो, नेमका डेकच्या भोकात, जिथे दिसत नाही. ॲल्युमिनियमला स्टेनलेसचे बोल्ट लावले की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते, म्हणून मध्ये प्लॅस्टिकचे बूच आणि लेप लावतात. दोन्हींत वेल्डिंगची कडा ही कच्ची जागा, त्यामुळे खांबाला भोक पाडायचे असेल किंवा कान वेल्ड करायचा असेल तर तो बुंध्यापासून आणि टेकूच्या जोडापासून लांब ठेवावा, इतके सर्वमान्य.

थरथर

आता त्या चिवट प्रश्नाकडे. पवनचक्कीचा खांब वाऱ्यात उभा राहिला तरी मालक त्याला काढून टाकतो ते आवाजामुळे. पात्यांचा सळसळाट वेगळा. छळणारा आवाज खांबातून डेकमध्ये उतरतो, आणि पिछाडीच्या खोलीत झोपलेल्याला डेक ढोलासारखे घुमत असल्याचे जाणवते.

एका पक्षाचे उत्तर: ताठपणा वाढवा. टेकू द्या, पाइप जाड करा, हलायला जागा ठेवू नका. जे हलत नाही ते वाजत नाही. दुसऱ्या पक्षाचे उत्तर नेमके उलट: चक्की आणि खांब यांच्यात, खांब आणि पाय यांच्यात, टेकूच्या दोन्ही टोकांना रबर घाला, थरथर वरच मरू द्या. काही उत्पादक रबराचे असे जोड स्वतःच विकतात.

ढोबळ गणित केले तर दोन्ही पक्ष अर्धवट बरोबर का ठरतात ते कळते. वर सांगितलेला 48 मिलिमीटरचा अडीच मीटर मोकळा खांब, टोकाला सहा किलोची चक्की घेऊन, सेकंदाला साधारण चार वेळा या वेगाने स्वतःहून डुलतो. चक्राच्या पात्यांत किंचित असमतोल असला तर मिनिटाला सव्वादोनशे-अडीचशे फेऱ्यांना ही लय जुळते आणि खांब जोरात हलतो. पण चक्र वेग घेताना ही पायरी झटकन ओलांडून जाते. आता दीड मीटरवर घट्ट टेकू दिले की लय सेकंदाला दहा-बारावर जाते. खांब मजबूत झाला, पण जुळणीचा बिंदू मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर सरकला, म्हणजे जिथे चक्की तासन्‌तास फिरते नेमका तिथे. टेकू लावल्यावर आवाज वाढला असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात.

त्यात तीन पात्यांची चक्की एका फेरीत तीनदा खांबासमोरून जाते, तेव्हा तिप्पट लयीची आणखी एक थरथर असते. सहा पात्यांच्या रटलँडची गोष्ट निराळी, पाच पात्यांच्या डी-400 ची आणखी निराळी. खांबाची लांबी, टेकूची जागा, टोकाचे वजन, डेकची लवचीकता, यांतले काहीही बदलले की उत्तर बदलते. एका नौकेवर जादू करणारा उपाय शेजारच्या नौकेवर निरुपयोगी ठरतो तो यामुळेच. रबरवाल्यांचे समाधान या बदलांना जास्त जुमानत नाही, हे त्याचे बळ. त्याचे दुबळेपण असे की मऊ रबर टेकूचे कामच काढून घेते. वादळात खांब रबराच्या मर्यादेपर्यंत झुकतो आणि मग आदळतो, आणि उन्हाने रबर कडक झाले की दोन-चार वर्षांत ते नुसते अंतर राखणारे तुकडे उरतात. कडक रबर थरथर कमी अडवते, मऊ रबर भार कमी धरते. मधली नेमकी जागा कुठली, यावर सर्वांना लागू पडेल असे उत्तर मला कुठे दिसलेले नाही. पाइपात फोम किंवा वाळू भरण्याचा सल्ला मिळतो. फोमने पाइपाचा स्वतःचा पोकळ घुमारा मरतो, डेकमध्ये उतरणारी थरथर फारशी नाही. वाळूने वजन वाढते, आणि तेही उंचावर.

आवाज तापदायक, पण थरथरीचे दुसरे फळ धोक्याचे. धातू थकतो. समुद्रावर पाच सेकंदांना एकदा डुलणारी नौका दिवसभरात सतरा हजारांहून जास्त वेळा डुलते, आणि चक्कीची थरथर याच्या कित्येक पट. एकदाच्या पन्नास किलोंना सहज पुरून उरणारा वेल्ड कोट्यवधी छोट्या झटक्यांनी तडकतो. म्हणून वारा पडलेला असतानाही खांब तपासावा लागतो: टेकूच्या क्लॅम्पखालची घासलेली जागा, वेल्डच्या कडेला केसाएवढी तपकिरी रेघ, डेकखाली बॅकिंग प्लेटच्या कडेने उतरलेला डाग.

जे अजून ठरलेले नाही

विजेचा, म्हणजे आकाशातल्या विजेचा, प्रश्न खुला आहे. पिछाडीचा खांब उंच डोलकाठीच्या छायेत असतो, त्यामुळे वीज त्याच्यावर थेट पडण्याची शक्यता कमी. पण डोलकाठीवर पडलेली वीज जवळच्या धातूत उडी मारू शकते. खांब नौकेच्या भूजोडणीला जोडावा म्हणजे उडी कमी धोक्याची होते, असे एक मत. जोडल्याने वीज पिछाडीपर्यंत येण्याचा रस्ताच तयार होतो, असे दुसरे.

चक्की हवीच का, हा प्रश्न आता खांबाच्या आधी विचारला जातो. मुंबई ते गोवा या किनाऱ्यावर त्याचे उत्तर सोपे आहे. पावसाळ्यात हौशी नौका बहुधा पाण्याबाहेर असतात, आणि उघडिपीच्या महिन्यांत पहाटेचे मतलई वारे इतके मंद की चक्की बरेचदा फिरतच नाही; दुपारचा खारा वारा काही तास कामाचा. ऊन मात्र रोज. दक्षिणेकडच्या महासागरांत किंवा युरोपच्या हिवाळ्यात हे गणित उलटे होते. 2022 नंतर उपग्रहावरून इंटरनेट घेणाऱ्या सपाट तबकड्या नौकांवर झपाट्याने आल्या आणि चक्की उतरवलेल्या कित्येक खांबांवर त्या चढल्या. तबकडीचा खांब थरथरत नाही, पण तिला आकाश चहूबाजूंनी मोकळे लागते, म्हणून उंचीचा मिटलेला वाद पुन्हा उघडला आहे.

शेवटचा मुद्दा जोडणी कुठे तुटावी याचा. मॉनिटर नावाच्या स्वयंचलित सुकाणूत पाण्यातल्या पात्याजवळ मुद्दाम कच्ची ठेवलेली नळी असते. लाकडाच्या ओंडक्याला पाते धडकले तर ती नळी तुटते आणि उरलेले यंत्र वाचते. पिछाडीच्या खांबाला असे काही असावे का? एक विचार असा की टेकूचा क्लॅम्प ठरावीक जोरानंतर घसरावा. खांब वाकेल, चक्की जाईल, पण डेक फाटणार नाही आणि नौकेत पाणी येणार नाही. याविरुद्धचा मुद्दा माणसांचा आहे. खवळलेल्या समुद्रात मागे गेलेला माणूस हाताशी येईल ते पकडतो, आणि पिछाडीवर हाताशी येतो तो खांबच. ऐंशी किलोंचा माणूस लाटेबरोबर झोकांडी खाऊन त्याला लटकला तर खांबावर येणारा झटका पन्नास किलोंच्या वादळी रेट्यापेक्षा जास्त असू शकतो, आणि तो छातीच्या उंचीवर येत असल्याने टेकूंना नव्हे, पायालाच आधी जाणवतो. त्या क्षणी खांब घसरावा असे कुणालाच वाटणार नाही. घसरणारा क्लॅम्प टेकूच्या वरच्या टोकाला ठेवायचा आणि पाय मात्र माणसाच्या झटक्याला पुरेल असा करायचा, ही तडजोड काही कारागीर सुचवतात. ती किती जोराला सुटावी याचा आकडा प्रत्येक जण आपापला धरतो.